चूक माझी आणि मिठीही मलाच

...आणि तो शिबिरातला गुरू म्हणतो, आता डोळे मिटा, दोन्ही हात असे उलटसुलट खांद्यांवर घ्या आणि स्वतःला घट्ट मिठी मारा. मी म्हटलं, कुणाला? तर म्हणे, स्वतःला. नाही, आता तुम्हीच सांगा, चार शहाणी माणसं बसलाय इथं. चूक कुणी केली? मी केली. दुखावलं कोण गेलं? कामशेतच्या पुढं, पवनेच्या अंगाला राहणारी एक साठी ओलांडलेली बाई दुखावली गेली. आणि मिठी कुणाला मारायची? मला. म्हणजे मी तुमच्या पायावरून स्कूटर घालायची आणि मग कडेला उभं राहून स्वतःचाच पाय चोळत बसायचं, 'होतं रे राजा, होतं असं'... हे चाललंय काय?

तुम्हाला सांगतो, मी काही मऊ माणूस नाही. एकतीस वर्षं मावळ तालुक्याचा वार्ताहर आहे. कोणत्या पेपरचा ते विचारू नका, सांगितलं की तुम्ही म्हणणार, 'हो का, आमच्याकडं दुसरा येतो.' तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत असा एक पुढारी नाही ज्यानं मला 'गोरखभाऊ, तुम्हाला बघून घेतो' असं म्हटलेलं नाही. सगळे बघून घेणार होते, अजून कुणी बघितलेलं नाही. असा मी माणूस, आणि घसरलो कुठं? तर शाळेच्या एका निरोप समारंभात.

एक जिल्हा परिषदेची शाळा आहे. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढं कळेल. तिथं येसूबाई नावाची बाई बावीस वर्षं पोरांची खिचडी शिजवत होती. शाळेत दुपारचं सरकारी जेवण मिळतं ना, ते. दीडशे पोरं, दोन पातेली आणि एक येसूबाई. बावीस वर्षांत एका पोराचं पोट दुखलं नाही. तिच्या हातचं खाऊन मोठी झालेली पोरं आता तळेगावच्या कारखान्यांत लागलीत, त्यांनीच ठरवलं की मावशी आता थांबतायत, तर सत्कार करू. साडी आणली, शाल आणली, शाळेच्या अंगणात मंडप घातला. आता मंडप घातला की काय होतं? तुम्हाला माहीत नाही होय? मंडप दिसला की मान्यवर येतात. त्या खिचडीचा एक घासही ज्यांच्या पोटात कधी गेला नाही अशी तेवीस माणसं व्यासपीठावर चढून बसली. मी मोजली, मोजायची सवय आहे. आणि जिचा सत्कार तिला खुर्चीच उरली नाही. मागं उभी राहिली बिचारी. एक मास्तर खुर्ची शोधायला धावला तर त्याला म्हणाली, "असू द्या सर, मला उबं राह्याची सवय हाय."

आता आमच्या धंद्याची रीत ऐका. तालुक्याच्या बातमीत काय घडलं हे कुणी वाचत नाही, आपलं नाव आलंय का एवढंच वाचतात. उपसरपंचांचं नाव सुटलं तर सकाळी साडेसहाला फोन, 'काय गोरखभाऊ, आमी काय मेलो व्हय?' सोसायटीच्या आजी संचालकाचं नाव माजी संचालकाच्या खाली गेलं तर पावणेसातला दुसरा फोन. मी काय या फोनना भितो?... बरं, भितो. तुम्ही पण भ्याला असता. म्हणून इतक्या वर्षांत हात आपोआप चालायला लागलाय, 'यावेळी' असं लिहायचं आणि नावं ओतायची, अध्यक्ष अमुक, प्रमुख पाहुणे तमुक, त्यांच्या डाव्या हाताचे, उजव्या हाताचे, आणि नावं संपली नाहीत तरी आपला दम संपला की लिहायचं, 'आदी उपस्थित होते'. आणि मग, सगळ्यांना वाढून झाल्यावर, दुसऱ्या परिच्छेदात येसूबाई. लिहिलं होतं हो मी. बावीस वर्षं, दीडशे पोरं, सगळं लिहिलं होतं, चांगलं लिहिलं होतं. दुसऱ्या परिच्छेदात.

आणि पुण्याच्या ऑफिसात बातमी लांबली की कात्री कुठून लागते? खालून. हे मला माहीत नव्हतं का? एकतीस वर्षं माहीत आहे. मग ज्याचं नाव वाचायला हवं ते वर लिहावं, एवढी अक्कल शेळ्या राखणाऱ्यालाही असते, मला पदवी असून नव्हती.

सकाळी पेपर उघडला. मथळा काय? 'शाळेत निरोप समारंभ उत्साहात'. खाली ती नावांची वरात, आदी उपस्थित होते, आणि संपली बातमी. निरोप कुणाला दिला? पत्ता नाही. वाचणाऱ्याला वाटावं की त्या तेवीस जणांनी एकमेकांनाच निरोप दिला. तसं झालं असतं तर तालुक्याचं कल्याण झालं असतं, पण तो भाग वेगळा. फोटोत पाहावं, तर मधोमध उपसरपंचांचा फेटा, आणि फेट्याच्या मागं पदर सावरणारा एक हात. तो हात येसूबाईंचा. नुसता हात.

आणि फोन किती आले? एकही नाही. सगळे खूश. ज्या एका बाईनं फोन करून मला धुवायला हवं होतं, तिच्याकडं माझा नंबर नव्हता.

मी पुण्याला फोन लावला. आमचा डेस्कप्रमुख निलेश, माझ्या मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान. म्हटलं, निलेश, दुरुस्ती छाप. तर तो म्हणतो, "सर, रिलॅक्स, एवढं कोण वाचतं?" अरे, मग आपण काढतो कशाला पेपर? म्हटलं, दोन ओळी छाप, नाव तरी येऊ दे बाईचं. म्हणे, "बघतो सर, सातव्या पानावर कुठं जागा झाली तर. पण तुम्ही स्वतःला किती त्रास करून घेताय. बी काइंड टू युवरसेल्फ, सर." आठ दिवस रोज फोन केला, आठ दिवस तो रोज 'बघतो' म्हणाला आणि आठ दिवस मला दया दाखवत राहिला. शेवटी म्हणतो, "सर, लोणावळ्याला एक शिबिर आहे, 'स्वतःशी मैत्री'. कव्हर करायचंय. तुम्हीच जा. तुम्हाला गरज पण आहे." बघा आता. चूक माझी, आणि मिठीची सोय पण ऑफिसनंच केली.

गेलो. तुम्हाला सांगतो, ते रिसॉर्ट बघायला हवं होतं. दरीच्या तोंडाशी हिरवळ, हिरवळीवर गाद्या, गाद्यांवर तीस माणसं, बहुतेक पुण्याच्या कंप्युटर कंपन्यांतली, अनवाणी. मला पण बूट काढायला लावले. मोज्याला भोक होतं. सार्थक सर नावाचा गुरू, वय असेल बत्तीस, चुरगळलेला कुडता, तो चुरगळलेलाच विकत मिळतो म्हणे, आणि आवाज असा की झोपलेल्या बाळाच्या खोलीतून बोलतोय. "आपण सगळ्यांवर दया करतो... आणि स्वतःला मात्र... रागावतो." मध्ये एवढं थांबायचा की मला वाटलं विसरला. मग म्हणे, आता आपण सजगपणे खाऊ. प्रत्येकाच्या हातावर चिक्कीचा एकेक तुकडा. तोंडात ठेवा, पण चावू नका. चिक्की. चावू नका. अहो, जी गोष्ट चावण्यासाठीच जन्माला आली ती चावायची नाही, तर मग गोटी का नाही देत? पाच मिनिटं तो गूळ माझ्या दाढेला चिकटून बसला आणि तेवढ्यात सार्थक सर कानाशी येऊन विचारतात, "काय जाणवतंय, सर?" काय जाणवणार? कवळी सुटायला आलेली जाणवतीये.

मग चुकांचा तास. एकेकानं उठायचं, मनाला टोचणारी चूक सांगायची आणि स्वतःला माफ करायचं. एक बाई रडली, तिनं म्हणे साहेबाच्या ईमेलला दोन दिवस उत्तर दिलं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं जिमचे पैसे भरून जिमला न गेल्याबद्दल स्वतःला माफ केलं. टाळ्या. मी वही काढून लिहून घेत होतो, तर सार्थक सर म्हणतात, "गोरख सर, वही बाजूला. तुमची चूक?"

सांगितली. येसूबाई, मंडप, कात्री, सगळं. आणि सांगता सांगता एक भानगड झाली. त्या ईमेलवाल्या बाईंना एक चूक होती, मला एकाखाली दुसरी निघाली. तुम्हाला सांगतो, तिथं नाही बोललो, इथं बोलतो.

बावीस वर्षांपूर्वी येसूबाई त्या शाळेत लागली तेव्हा दीडशेतली किती पोरं तिच्या हातचं जेवायची? अकरा. बाकीची घरून डबे घेऊन यायची. का, ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे, सांगायला लावू नका... नाही, सांगतोच. येसूबाई बौद्ध, म्हणून. पातेलं भरून खिचडी करायची, आणि पातेलं तसंच राहायचं. मला तेव्हाच एका मास्तरानं सांगितलं होतं. मी गेलो पण होतो, वही घेऊन. आणि सरपंच म्हणाले, "भाऊ, गावाची बदनामी होईल, आपसात मिटवतो." आणि मी... जगाशी भांडणारा मी... शाळेतच चहा पिऊन परत आलो. ती बातमी मी केलीच नाही. पुढं हळूहळू डबे बंद झाले, पण ते काही माझ्यामुळं नाही. म्हणजे पहिल्यांदा मी गप्प बसलो आणि दुसऱ्यांदा तिचं नाव दुसऱ्या परिच्छेदात टाकलं. आणि तो गुरू मला सांगतोय की मिठी मारा. चूक माझी, एक सोडून दोन, आणि मिठी कुणाला? मलाच.

सार्थक सर म्हणाले, "सर, तुमच्या जिवलग मित्रानं हीच चूक केली असती, तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता? तेच, तितक्याच प्रेमानं, स्वतःला म्हणा."

आता माझा जिवलग मित्र कोण? वाहिद. कामशेतला तांदळाचा व्यापारी, शाळेपासून एका बाकावरचा. आणि वाहिदला मी प्रेमानं काय म्हणतो? पन्नास वर्षांत 'गाढवा' सोडून दुसरी हाक मारलेली नाही. त्याच्या नजमाच्या लग्नात, सगळ्या पाहुण्यांत, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "गाढवा, सकाळपासून दोन घास तरी खाल्लेस का?" आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तर मी तेच केलं, छातीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं, "गाढवा, अक्कल कुठं चरायला सोडली होतीस?"

"सर, थोडं सॉफ्ट," सार्थक सर म्हणाले.

म्हटलं, हेच सॉफ्ट आहे, याच्या पुढचं तुमच्या हिरवळीवर बोलता येत नाही.

तर तो म्हणतो, "आपण त्यांनाच विचारू या का? लावा फोन. स्पीकरवर." त्याला वाटलं, मित्र म्हणजे काहीतरी गोड बोलेल. मी लावला. तीस माणसं श्वास रोखून बसलेली. मी वाहिदला सगळं सांगितलं, तो ऐकत होता, मागं पोती उतरवल्याचे आवाज. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "झालं का बोलून? आता मला सांग, त्या मावशीच्या घरी गेलतास का?"

म्हटलं, नाही.

"किती दिवस झाले?"

म्हटलं, एकोणीस.

"एकोणीस दिवस. कामशेतवरनं अर्ध्या तासाचा रस्ता. आणि तू कुठं बसलायस आत्ता?"

म्हटलं, लोणावळ्याला. गादीवर.

"ऊठ लेका त्या गादीवरनं. बाई तिकडं, आणि तू इकडं थंड हवेला बसून वाईट वाटून घेतोयस? ठेव फोन, माझा ट्रक उभा आहे."

ठेवला फोन. सार्थक सर म्हणाले, "हं... ही पण करुणेची एक... शैली आहे." मी बूट घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली. खिशात दुरुस्तीचा कागद, मी स्वतः लिहिलेला, निलेशकडं पाठवलेला, वाचून दाखवायचा, माफी मागायची आणि मोकळं व्हायचं, असा बेत. मोकळं व्हायचं, लक्षात घ्या, कुणी? मी.

गावात शिरलो, तर वळणावरच येसूबाईंचे मालक भेटले, रतनआबा. रेल्वेत गँगमन होते, आयुष्यभर रुळांवर चालले, अजून पावलं मोजून टाकतात. मला बघितलं, स्कूटरचं हँडल धरलं आणि मला विहिरीच्या आडोशाला घेऊन गेले.

"जय भीम, भाऊ. तुमी लय मोटी चूक केली."

म्हटलं, जय भीम आबा, तेच सांगायला आलोय, दुरुस्ती छापतोय.

"छापू नका."

म्हटलं, का?

आबांनी आधी मागं वळून बघितलं. "भाऊ, तिला वाचता येत न्हाई. रोज सकाळी च्या पिताना मीच पेपर वाचून दावतो. त्या दिवशी ती पदर खोचून समोर बसली. म्हणली, वाचा. मी वाचाय लागलो, नाव येतंय, नाव येतंय... नाव येईना. ती माझ्या तोंडाकडं बघतीये. मग म्या घातलं."

"काय घातलं?"

"तिचं नाव. माझ्या पदरचं. समद्यात आधी. 'येसूबाईंचा सत्कार करण्यात आला, त्यांनी लय निगुतीनं काम केलं', आसं चार ओळी म्या वाचल्या. ती खूश. पेपर कामशेतला नेऊन लॅमिनेशन करून आणला, भितीवर लावलाय. आता तुमी दुरुस्ती छापली, की नाव ऱ्हायलं होतं, मग मी इतकं दिस वाचलं ते काय?"

म्हणजे बघा. माझ्याकडं एकच औषध होतं, तेच आबांनी काढून घेतलं. तिथूनच निलेशला फोन लावला. म्हटलं, निलेश, ती दुरुस्ती थांबव, काही झालं तरी छापू नको. तर तो काय म्हणतो? "सर, मी ती लावलीच नव्हती." वीस दिवसांत तो माणूस पहिल्यांदा उपयोगी पडला.

घरात गेलो. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी ती माझी बातमी, चकचकीत, उपसरपंचांच्या फेट्यासकट. ओट्यावर वरच्या आळीतले रखमाजी बसलेले, ऐंशीच्या घरातले. आबा त्यांच्यापाशी टेकले आणि मी आत पाणी प्यायला गेलो, तर येसूबाई चुलीपाशी. मला बसायला पाट दिला आणि हळूच म्हणाली, "आले व्हय. ह्येंनी वाटत धरलं आसंल तुमास्नी."

मी पाटावर बसलो.

"भाऊ, मला वाचाय येतं."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"बावीस वर्स सैपाकघराच्या दारातनं फळा दिसायचा मला. पैलीच्या पोरांसंगट म्या पण शिकले. रोज पटावर बघायचे, आज किती पोरं, मग त्येवढं तांदूळ. पर ह्येंना सांगितलं न्हाई. रोज सकाळी मला वाचून दावायची लय हौस हाय त्येंना. चष्मा पुसत्यात, घसा साफ करत्यात... मी कशाला मोडू ती? त्या दिवशी बी मला दिसत होतं, बोट एका ओळीवर आन् तोंड दुसरीकडंच. लय चांगलं वाचलं पर त्येंनी." मग चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तुमी काय छापू नका आता. त्येंना कळंल, मला कळलंय म्हणून."

आता मी काय करायचं? सांगा. माफी मागायला आलेला माणूस, बाहेरचा म्हणतो तिला सांगू नका, आतली म्हणते त्यांना सांगू नका, आणि दुरुस्ती खिशात कुजतीये. तरी म्हटलंच, येसूबाई, चूक माझी आहे, आणि ही एकच नाही, त्या पहिल्या वर्षी पण मी आलो होतो, आणि काही न लिहिता गेलो, मला फार लागलंय ते, तेव्हापासून आतल्या आत खरवडतंय.

तिनं माझ्याकडं बघितलं. "मला ठाव हाय तुमी आलता. कपबशी मीच विसळली. वाईट वाटलं मला. त्या वर्सी बी वाटलं, आवंदा बी वाटलं. खोटं कशाला बोलू." आणि जरा थांबून म्हणाली, "पर खरवडू नका. खिचडी करपली ना भाऊ, तर खरवडायची नसती. खरवडली की समद्या पातेल्याला वास लागतो. वरची अलगद दुसऱ्या पातेल्यात काढायची आन् पोरास्नी वाढायची. बुडात पाणी घालून ठिवायचं. सांजच्याला आपसूक सुटतं."

म्हटलं, आणि करपली त्या दिवशी स्वतःला काय म्हणायचात तुम्ही?

"काय म्हणायचं? दीडशे पोरं ताटं घेऊन बसल्याली. सोताशी बोलाय येळ कुटं हुता?"

तुम्हाला सांगतो, मला राग आला. तिचा नाही हो, सार्थक सरांचा. हेच सांगायला त्या माणसानं साडेतीन तास घेतले, वर चिक्की चावू दिली नाही.

बाहेर येऊन ओट्यावर टेकलो, तर रतनआबांनी भिंतीवरून बातमी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "भाऊ, लिवणारच घरी आलाय, आज तुमीच वाचा," आणि मला डोळा मारला. दारात येसूबाई, पदर खोचून, अशी निरागस की जणू अक्षर म्हणजे काय तेच माहीत नाही. रखमाजी कानाला हात लावून पुढं सरकले. एकतीस वर्षांत मी न घडलेलं छापलं नाही, आणि आता न छापलेलं वाचायची पाळी आली. चूक माझी, आणि मिठी सोडा, इथं आबांसारखा घसा साफ करावा लागला.

केली सुरुवात. डोळ्यांसमोर 'यावेळी अध्यक्ष...' आणि तोंडानं म्हणालो, "येसूबाई रतन यांनी बावीस वर्षं या शाळेतल्या मुलांना जेवू घातलं." आबा मान डोलवायला लागले. मी पुढं गेलो. दीडशे पोरं, दोन पातेली. व्यासपीठावर त्यांना खुर्ची मिळाली नाही, हेही वाचलं. मग काय झालं कोण जाणे, थांबताच येईना, म्हणालो, "पहिल्या वर्षी त्यांच्या हातचं फक्त अकरा मुलं जेवली. बाकीच्यांना घरून डबे यायचे. हे या वार्ताहराला माहीत होतं. त्यानं लिहिलं नाही."

आबांची मान डोलायची थांबली. हे काही त्यांच्या पाठात नव्हतं. येसूबाईनं दाराची चौकट धरली.

रखमाजींनी कानाचा हात काढला. म्हणाले, "व्हय. माझा बी नातू डबा न्यायचा. म्याच द्यायला लावायचो." मग म्हणाले, "पुढल्या वर्सी डबा उघडंना. म्हणला, येसूमावशीची खिचडी पायजे. लय मारला त्याला. ऐकला न्हाई." मग काठी टेकवून उठले. "ह्ये रविवारी पारावर वाचा. समद्या गावाला ऐकू द्या. जसंच्या तसं."

आणि आबा, ज्यांच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, ते म्हणतात, "व्हय, व्हय, हितं लिवलंयच की समदं."

कुठं लिहिलंय? मी काय बोललो ते मला आठवतंय का? अहो, एवढी वर्षं खिशात वही, कुणी शिंकलं तरी लिहून घेतो, आणि आयुष्यातली एक बातमी धड सांगितली तर ती टिपून घ्यायला शेजारी कुणी नव्हतं. दाराशी येसूबाईला हळूच म्हटलं, बाई, तुमच्याच घरात बोललो, पण शब्द काही लक्षात नाहीत.

म्हणाली, "मला पाठ हाय. रविवारी पारावर खिचडी बी ठिवतीये, साऱ्या गावाला. तुमी पाटं सहाला या, लसूण सोलाय. सोलता सोलता सांगते."

म्हटलं, लसूण मी सोलायचा?

"लय वाईट वाटतंय म्हणला न्हवं? मग हाताला काम द्या."

तर असं आहे. दुरुस्ती नाही, माफी नाही, मिठी तर नाहीच. पाच किलो लसूण आहे. तुमच्यापैकी कुणी मोकळं आहे का रविवारी सकाळी?